पाण्यातलं माप

तुंगार्ली, ३ एप्रिल

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पोस्टमनला तू दारातून परत पाठवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. अण्णांची सवय तुझ्यात उतरली आहे, आलेल्याला आधी पाणी आणि मग बाकीचं.

तुझ्या सत्यमचं लग्न ठरल्याचं सरूवहिनीकडून कळलं. मुलीचा फोटोही तिनेच पाठवला. अमृता. चिंचवडला औषधांच्या दुकानात काम करते म्हणे. फोटोत ती हसत नाहीये. कोणीतरी 'हस' म्हटल्यावर ओठ आणखी घट्ट मिटल्यासारखे दिसतात. मला आवडली.

लग्न अठरा मेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यातलं माप, असं वहिनी म्हणाली. परवा शेजारच्या बंगल्यातल्या बाईंना हे सांगत होते. म्हटलं, आमची करंजवाडी पवना धरणात गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पण वैशाखात पाणी उतरलं की घरांची जोती अजून उघडी पडतात. आमच्या गावच्या सुनेला आधी तिथे नेतात. उंबऱ्याच्या दगडावर तांदळाचं माप ठेवतात, ती पायाने लवंडते, आणि मग तिला वरच्या नव्या घरी आणतात. पाणी पुरतं उतरलेलं नसलं तरी चालतच जायचं, पुढे घरातला मोठा माणूस काठी घेऊन. बाई म्हणाल्या, मग होडीतून का नाही जात? मी म्हटलं, स्वतःच्या घरात कोणी होडीतून शिरतं का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तुझं लग्न आठवतं. उंबऱ्यावर घोटाभर पाणी होतं आणि मी दहावीची परीक्षा देऊन आलेली, परकर खोचून दार अडवून उभी. दार कुठलं, दोन हात पसरले तेच दार. तू म्हणालास, माग काय मागायचं ते. बहिणी अशा वेळी भावाची होणारी लेक मागतात. मी मागितलं, माझं लग्न झाल्यावरही दर दिवाळीला मला न्यायला येशील. सगळे हसले. तू मात्र आलास. सायकलवर आलास, मोटारसायकलवर आलास, सत्यमच्या गाडीतून आलास. गेल्या दिवाळीला नाही आलास.

एक सुचवू का? यंदा पाणी जास्त आहे. जोतं उघडं पडायचं नाही. तर पाण्यात उतरण्यापेक्षा माप काठावरच केलं तर? माझा निलेश धरणकाठच्या त्याच्या तंबूंपुढची हिरवळ आनंदाने देईल. मांडव घालता येईल, म्हाताऱ्यांना बसायला होईल. विचार करून बघ.

शशी

*

तुंगार्ली, १५ एप्रिल

दादा,

तुझा निरोप वहिनीने तुझ्याच आवाजात सांगितला. "पाणी गुडघ्याएवढं हाय. माझ्या लग्नात वाटंत मांडीएवढं हुतं. मॅडमला म्हणावं, तुंगार्लीत बसून धरणाचं पाणी मोजू नको."

मॅडम. किती वर्षांनी ऐकलं. गाव उठल्यावर तुम्ही तिकोणा पेठेला गेलात आणि मला मामांकडे लोणावळ्याला ठेवलं, कॉन्व्हेंटमध्ये घातलं. पहिल्या सुट्टीत घरी आले आणि जेवायच्या आधी डोळे मिटून हात जोडले, तेव्हा तू म्हणालास, "मॅडम, भाकर गार हुती." अण्णांनी तुला रागावलं. मला राग आला नव्हता. मला वाटत होतं, तुलाही तिथे घ्यावं आणि आपण दोघांनी मिळून सिस्टर फिलोमिनांची नक्कल करावी.

पाणी कमी आहे हे मान्य. मी दुसऱ्या गोष्टीचा विचार करत होते. अमृता चिंचवडची, तिला चिखलपाण्याची सवय नसणार, पोहताही येत नसेल. नऊवारी नेसून, हातात माप घेऊन घसरली तर? त्यात मे महिना, सुट्ट्या, काठावर शेकडो माणसं मोबाइल घेऊन उभी. आपल्या सुनेचं माप कोणाच्या मोबाइलमध्ये जावं असं तुला वाटतं का? आणि गाळही वाढलाय म्हणतात. तळ काही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

गेल्या वर्षी तंबूंमधल्या गाण्यांवरून तुझं आणि निलेशचं वाजलं, त्यामुळे तुला वाटत असेल की मी त्याच्यासाठी बोलते आहे. तसं नाही. काठावरचा जमिनीचा तो तुकडा अण्णांनी आपल्या दोघांना ठेवला. तू तुझा वाटा निलेशला वापरायला दिलास आणि बदल्यात एकच गोष्ट मागितलीस, की पाण्याच्या रेषेखाली हात लावायचा नाही. ते मी विसरलेले नाही. रोज आठवतं.

वहिनीला म्हणावं, तिचा कुर्डयांचा डबा माझ्याकडेच आहे.

शशी

*

तुंगार्ली, २६ एप्रिल

दादा,

"पव्हायचं कशाला, घरात जायाचंय." हे तुझं उत्तर कळलं. आणि अमृताने स्वतः सांगितलं म्हणे, की मी पाण्यातूनच जाणार, माझ्या सासूबाई गेल्या तशी. शाब्बास तिची.

काल मी काठावर जाऊन आले. निलेशकडे जायला मला आवडत नाही असं नाही, पण तिथे गेलं की माझे डोळे पाण्यावरच जातात आणि तो काय बोलतो ते ऐकू येत नाही. मारुतीच्या पाराचे वरचे दोन दगड उघडे पडलेत. तिथून आपला बोळ सुरू व्हायचा, डावीकडे रतनबाईंचं घर, मग चिंच, मग आपला उंबरा. मी काठावर उभी राहून पावलं मनातल्या मनात टाकून बघितली. तुझ्याही पायांना तो बोळ पाठ असेल. तुझ्या जास्तच.

निलेशच्या बोटी आता उन्हाळ्यातही थेट धक्क्याला लागतात. पूर्वी लांब रुतून बसायच्या आणि पर्यटकांना चिखल तुडवत यावं लागायचं, आठवतं? ते बोलत होते आम्ही काल. बरंच बोललो. शेवटी तो म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस." त्याचं म्हणणं कधीतरी सांगेन.

मी चौकशी केली. पाटबंधारे खात्याने यंदा पाण्यात उतरायला बंदी केली आहे असं ऐकते. लग्नाच्या घरी पोलीस यायला नकोत. एवढ्यासाठी तरी या वर्षी सोडून दे.

आणि तरी जायचंच ठरवलंस तर काठी लांब घे. नेहमीची नको, लांब घे. पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक वेळी पुढे टेकवून बघ.

शशी

*

तुंगार्ली, ४ मे

दादा,

आधीची तीन पत्रं बाजूला ठेव. त्यांत लिहिलेली कारणं खरी नव्हती. पाणी जास्त नाही, अमृता नाजूक नाही, आणि बंदीचं मी कोणाकडूनही ऐकलं नव्हतं. खरं एकच आहे.

आपला बोळ राहिलेला नाही.

गेल्या मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, निलेशने जेसीबी लावून चर खणला. बोटींना उन्हाळ्यात वाट हवी म्हणून. तो धक्क्यापासून निघतो आणि आपला बोळ आडवा कापून पुढे खोल पाण्याला मिळतो. पारापासून थोडं अंतर पाणी गुडघ्याएवढंच आहे, तळ घट्ट आहे, सगळं तुझ्या ओळखीचं आहे. आणि मग एकदम दोन पुरुष खोल. वरून काही कळत नाही. पाणी गढूळ, सारख्याच रंगाचं. जोतं पलीकडे आहे, पण चालत तिथे पोचता येत नाही.

मला हे फेब्रुवारीत कळलं, बोटी कुठून येतात ते बघून. त्याला विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, पाण्याखालचं आता कोणाचंच नाही, आणि मामांचा तिथे एक दगड आहे फक्त. तो दुष्ट नाही, दादा. तो त्या घरात कधी झोपलेला नाही, एवढंच.

मी त्याला पाटी लावायला सांगितलं. तो म्हणतो, पाटी लावली की खात्याची माणसं विचारायला येतील, खणलं कोणी. मामांना हिरवळीवर आण, एवढाच त्याचा हट्ट. आणि मी तेच करत बसले, तुला हिरवळीवर आणायची कारणं शोधत. वाटलं, माप काठावर होईल, चराचं नाव निघणार नाही, भाऊ आणि मुलगा दोघेही राहतील.

तू पुढे असशील, तुझा हात धरून सत्यम, त्याचा हात धरून अमृता, तिच्यामागे वहिनी आणि सगळी बायकापोरं. तू बोळाच्या भरवशावर पाऊल टाकशील. आपल्या अंगणात कोणी चाचपडत चालत नाही. मला हेच दिसत राहतं.

दादा, तिथे जाऊ नकोस.

शशी

*

तुंगार्ली, १२ मे

दादा,

सत्यमचा फोन आला. बिचारा हळू आवाजात बोलत होता, तू ओट्यावर असणार. म्हणाला, "आत्या, आबा म्हणत्यात, आदी पाणी लय, मग पोरगी नाजूक, मग सरकार. आता म्हणं बोळच न्हाई. हे चौथं कारण."

तू मोजलीस ती बरोबर मोजलीस.

त्याला म्हटलं, तू तरी आधी येऊन बांबूने बघून जा. तर म्हणाला, माप होईपर्यंत त्या काठावर पाय टाकायचा नाही अशी तू घरच्यांना शपथ घातली आहेस. "मग तुला काय वाटतं, सत्यम?" "मला काय वाटायचंय, आत्या. मी त्यांच्या हाताला धरून जाणार." आणि थोडं थांबून, "आबांना तितली वाट डोळे झाकून म्हाईत हाय."

निलेशला मी सांगितलं की सगळं तुला लिहिलंय. तो चिडला नाही. त्याचे वडीलही असे चिडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्यात आडवी दोरी बांधली, रिकामे डबे अडकवून. पाटी नाही, दोरी. मला वाटलं, झालं, सुटलं. आणि काल वहिनीचा फोन, की दोरीची बातमी तुझ्यापर्यंत पोचली आणि तू म्हणालास, "आता आपल्याच दारात दोरी? कोयता घिऊन येतो म्हणावं."

वहिनीला मी चराचं सगळं सांगितलं, दोनदा. ती म्हणाली, "वन्सं, माझा इस्वास हाय तुमच्यावर. पर माझं कोन ऐकतंय." तिच्याकडे कांडणाचा आवाज येत होता, हळदीचा असेल.

या पत्राचं उत्तर नको. लग्नाला तू बोलावलं नाहीस म्हणून मी येणार नाही. एकोणीसच्या सकाळी मात्र मी तिथे असेन. काठावर नाही, पाण्यात.

शशी

*

तुंगार्ली, २३ मे

दादा,

तू तिथेच होतास, तेव्हा सांगण्यासारखं काय उरलं असं तुला वाटेल. पण तू चालत येत होतास आणि मी तुझ्याकडे तोंड करून उभी होते. दोघांना एकच दिसलं असेल असं नाही.

मी उजाडल्यावर गेले. जुनी सुती साडी, पाय अनवाणी, हातात तंबूचा एक बांबू. पाराच्या दगडापासून सुरुवात केली. तळाला फरशीचे दगड लागत होते, तेच, तिरके बसवलेले. रतनबाईंच्या घराचा कोपरा पायाला कळला. इतक्या वर्षांनी कळला, आणि मी खुळ्यासारखी तिथे थोडी थांबले. मग बांबू टेकवत पुढे गेले आणि एका ठिकाणी बांबू टेकलाच नाही. हातातून निसटता निसटता राहिला. तिथेच वळून उभी राहिले.

मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. कडेची माती पायाखाली हळूहळू सुटत होती. थोडं पुढे सरकायचं, पुन्हा सुटायची, पुन्हा सरकायचं. काठावर तंबूतली माणसं चहाचे कप घेऊन जमली. कोणीतरी मोबाइल धरला. निलेश आला. "आई, बाहेर ये," म्हणाला. मी नाही म्हटलं. दोनदा म्हणाला. मग तो धक्क्यावर बसून राहिला, पाय पाण्याच्या वर धरून.

मग सनई ऐकू आली.

तुझ्या डोक्यावर फेटा होता, अण्णांसारखा बांधलेला. हातात नेहमीचीच काठी. लांब घेतली नव्हतीस. दोरी तू एका घावात तोडलीस आणि कोयता मागे कोणाकडे तरी दिलास. पाण्यात उतरलास तेव्हा खाली बघितलंही नाहीस. मला तुझा रागही आला आणि किती बरं वाटलं. असं चालणारं माणूस आता कोण उरलंय.

तू माझ्यापाशी येऊन थांबलास. "बाजूला हो, शशे."

मी हलले नाही.

"मापाची येळ हाय. तमाशा नको."

मी म्हटलं, "दादा, माझ्या मागे काही नाहीये."

तू डावीकडून वळसा घ्यायला लागलास. तुला धरावं म्हटलं तर दोन्ही हात बांबूला चिकटलेले. तेव्हा मागून वहिनी मोठ्याने म्हणाली, जशी काही सगळी गंमतच चालली आहे, "अवो, थांबा की. आत्यानं दार अडवलंय. काय मागती ते तरी इचारा."

पाण्यातली माणसं हसली. अमृतासुद्धा हसली, माप छातीशी धरून. आणि तू थांबलास. दार अडवणारीला न विचारता कोणी पुढे जात नाही, भांडण असलं तरी. तुझा चेहरा मला दिसत होता. विचारायचं तर नव्हतं, आणि न विचारून चालणार नव्हतं.

"माग," म्हणालास.

"माघारी फिर," मी म्हटलं.

मग कोणी हसलं नाही. सनईवाला थांबला होता की वाजवत होता, मला आठवत नाही. तू बराच वेळ माझ्याकडे बघितलंस. मग माझ्या खांद्यावरून हात पुढे काढून काठी पाण्यात सोडलीस. टेकवलीस नाही, सोडलीस. ती सरळ खाली गेली, तिची मूठही गेली. मग लांबवर आडवी होऊन वर आली आणि तरंगायला लागली. मागे सत्यमने अमृताला एकदम मागे ओढल्याचा आवाज झाला.

तू माझं मनगट धरलंस. तळहात नाही, मनगट, ओढा ओलांडताना धरायचास तसं. "चल," म्हणालास. इतकंच. गेल्या वर्षापासून तू माझ्याशी जे काही बोललास ते त्या सकाळचंच.

काठावर आल्यावर तू सगळ्यांसमोर विचारलंस, हे कोणी खणलं. तुला माहीत होतं, माझ्या पत्रात होतं. तरी माझ्या तोंडून हवं होतं. मी निलेशचं नाव घेतलं. तो दहा पावलांवर होता. त्याच्याकडे न बघता घेतलं, आणि ते मला अजून टोचतं. घ्यायचंच होतं तर त्याच्याकडे बघून घ्यायला हवं होतं.

अमृताने पाण्याच्या कडेला, ओल्या मातीत माप लवंडलं. खाली उंबरा नव्हता. तांदूळ चिखलात गेले आणि तू फेटा सोडून खांद्यावर टाकलास. मग तुम्ही सगळे निघून गेलात.

तू तक्रार करशील याची मी दोन दिवस वाट बघितली. मग मीच पाटबंधारेच्या कचेरीत गेले आणि माझ्या नावाने अर्ज दिला, चर कुठे आहे आणि कोणी खणला. मामाने भाच्याचं नाव देण्यापेक्षा आईने दिलेलं बरं. काल दोन माणसं येऊन बघून गेली. धक्क्याला कुलूप लागलंय आणि त्यांनी काठावर लाल पाटी लावली आहे, 'खोल पाणी'. निलेश तंबू आवरतो आहे. रात्रीचा डबा मी पाठवला तो आला तसा परत आला. फोन न उचलणारी माझी आता दोन माणसं झाली. त्याला माझं म्हणणं कधी कळेल, मला ठाऊक नाही. कळणारही नाही कदाचित. तरी डबा पाठवत राहणार आहे.

आज दुपारी वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, तू अमृताला सांगितलंस की तुझं माप अर्धंच झालंय, उरलेलं पुढच्या वैशाखात. ती म्हणाली, चालेल, आबा, तोवर मी अर्धी सून. तू हसलास म्हणे. मला खरं वाटलं नाही, पण वहिनी शपथेवर सांगत होती.

दादा, पुढच्या वैशाखात पाणी उतरलं की तो चर भरावा लागेल. यंत्र नको. गावची माणसं जमतील, हाताने भरतील. मीही येईन. घमेलं अजून उचलता येतं मला. चिंचेच्या बाजूने सुरुवात करू, तिथे दगड सापडतील. तिथे माझ्याशी बोलायची जबरदस्ती नाही.

दार अडवल्याचं मागणं मी मागितलं आणि तू दिलंस. आता मागायचा हक्क उरलेला नाही, तरी मागते. त्याआधी दिवाळी आहे. न्यायला ये.

शशी